पाण्याला सहा आठवडे द्या

वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड बंगळूरला हललं. जाताना त्यांनी माशांची दोन फुटी काचेची टाकी आमच्या दारात आणून ठेवली. "ताई, राहू दे तुमच्याकडे. अण्णांना बघायला होईल." अण्णांना पक्षाघाताचा झटका येऊन तेव्हा चार महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, शब्दही गेलेले. दिवसा सांभाळायला बाई यायच्या, रात्र माझी. मी पुण्यात टिळक रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. सकाळी सातला पहिलं रक्त काढायचं असतं आणि रात्री दोनला अण्णांची कूस बदलायची असते. दोननंतर झोप लागायची नाही, आणि फोन हातात घेतला की उरलीसुरलीही उडायची.

आज रात्री दोनला उठले की मी दहा मिनिटं टाकीसमोर बसते आणि परत झोपते. पण ही गोष्ट लगेच जमली नाही. पहिल्या पंधरवड्यात माझ्या हातून सहा मासे मेले. तुमच्या हातून मरू नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी टाकी. लहान भांडं म्हणजे कमी काम असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. खरं तर पाणी जितकं थोडं तितकी त्यात घाण लवकर साठते आणि तापमान पटापट चढतं-उतरतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास भरतो. सुरुवातीला हे माप उत्तम. गोल बाऊलमध्ये गोल्डफिश कधीही ठेवू नका. तो कार्पच्या कुळातला मासा आहे, नीट वाढला तर वीतभर होतो. त्याला बाऊलमध्ये ठेवणं म्हणजे माणसाला आयुष्यभर मोरीत ठेवणं.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पाणी, वाळू आणि काच मिळून ही टाकी सत्तर किलोच्या घरात जाते, म्हणून शोकेसच्या फळीवर किंवा डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नका. भक्कम, सपाट स्टँड हवा आणि टाकीखाली थर्माकोलची पातळ शीट. खिडकीतलं थेट ऊन नको, आठवड्यात काचा शेवाळाने हिरव्या होतात. स्वयंपाकघरही नको. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, तेव्हा त्या खोलीत डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आणि कामाच्या बाईंनाही सांगून ठेवा.

जुनी टाकी मिळाली असेल तर ती आधी गॅलरीत सपाट जागी, कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरा आणि चोवीस तास तशीच राहू द्या. कागद ओला झाला की गळती कुठे आहे ते लगेच कळतं. मी हे केलं नाही. सरळ अण्णांच्या पलंगासमोर टाकी मांडली, भरली आणि लॅबला गेले. दुपारी बाईंचा फोन आला. मागच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटलं होतं आणि पाण्याचा ओघळ पलंगाखाली गेला होता. अण्णा डाव्या हाताने त्याकडे बोट दाखवत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पूर."

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला स्पष्ट शब्द. स्पीच थेरपीच्या बाईंना त्याचा आनंद झाला. शब्द आत आहेत, वाट शोधतायत, असं त्या म्हणाल्या. मी मात्र त्या संध्याकाळी त्यांना घाबरवल्याबद्दल खूप रडले.

गळका कोपरा दुरुस्त होतो. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडायचं, काच स्पिरिटने पुसायची आणि फिशटँकसाठी मिळतं तेच सिलिकॉन भरायचं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी. दोन-तीन दिवस वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला की मग पुन्हा चोवीस तासांची परीक्षा.

टाकी दुरुस्त झाली, रविवारी पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी सहा गप्पी आणून सोडले. "टाकी कधी भरली?" एवढं दुकानात कुणी विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं. अण्णांना मासे वर येऊन खाताना बघायला आवडायचं म्हणून मी दिवसातून चार वेळा खाणं टाकत होते. दहाव्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. पंधराव्या दिवसापर्यंत सहाही गेले. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं आणि तेच मला समजत नव्हतं.

त्याचं कारण कळलं तेव्हा मला लाज वाटली, कारण ते माझ्याच कामातलं होतं. आपल्या शरीरातल्या अमोनियाचा यकृत युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. मासा अमोनिया बहुतेक तसाच कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. मग एका प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट खूप कमी विषारी, ते पाणी बदलून काढता येतं आणि झाडंही शोषतात. अमोनिया घातक आहेच, आणि मधलं नायट्राइटही. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं. मेथहिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेत नाही, रक्त चॉकलेटी पडतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि तरी मासा गुदमरतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, आणि दुसऱ्या प्रकारचे पहिल्यांच्या मागून वाढतात, म्हणून मधल्या काळात नायट्राइट साठतं. माझे गप्पी असेच गुदमरले होते.

म्हणून मासे आणण्याआधी जिवाणू वाढवायचे. याला टाकी सायकल करणं म्हणतात, मला मात्र दही लावणं म्हटलं की जास्त नीट समजतं. कुणाकडे निरोगी, जुनी चालू टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. ते विरजण. विरजण नसलं तरी जिवाणू येतात, फक्त वेळ जास्त लागतो.

टाकीत इंच-दीड इंच धुतलेली बारीक खडी घाला, क्लोरीन काढलेलं पाणी भरा, स्पंज फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. जिवाणूंना खायला अमोनिया लागतो, म्हणून रोज माशांच्या खाण्याची छोटी चिमूट टाका, जणू आत एक अदृश्य मासा आहे. ते कुजतं आणि अमोनिया तयार होतो. आता थेंबांचा टेस्ट किट घ्या. मला तो टाकीपेक्षा महाग पडला, अर्थात टाकी फुकटची होती. पण एक वस्तू घ्यायची आणि बाकी सगळं मागून-उसनं आणायचं असेल तर ही एक वस्तू घ्या. माझ्या किटमध्ये अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होतं. नायट्राइट आकाशी रंगाकडून जांभळ्याकडे जातं, नायट्रेट पिवळ्याकडून लालकडे. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा, ट्यूबलाइटखाली फसायला होतं. नळी आधी त्याच पाण्याने विसळून घ्या. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, तिच्यातला पदार्थ तळाशी बसतो आणि हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. ही लॅबमधली सवय आहे, पण इथे खरंच उपयोगी पडते.

आधी अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. रोजची चिमूट टाकूनही दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग आठवडाभर आलं की टाकी तयार. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत जिवाणू मंदावतात, पुण्याच्या डिसेंबरात आणखी काही दिवस धरा. मला दुसऱ्या खेपेला ४१ दिवस लागले. कालनिर्णयच्या चौकटीत दूध आणि गॅसच्या नोंदींखाली रोजचे तीन आकडे लिहिलेले आहेत, ते पान मी जपून ठेवलं आहे.

लोक मला विचारतात की मासे बघून शांत वाटतं का. वाटतं. पण मला पहिल्यांदा शांत वाटलं ते त्या ४१ दिवसांत, टाकीत एकही मासा नसताना. लॅबमध्ये प्रत्येक कागदावर 'अर्जंट' लिहिलेलं असतं. घरी औषधांच्या वेळा, डायपर, फिजिओथेरपी, सगळं उरकायचं असतं. या पाण्याचं काही उरकता येत नव्हतं. रात्री दोनला उठायचं, अण्णांना वळवायचं, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा, थर्मामीटर बघायचा. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या काडीला नवा हिरवा शेंडा फुटलेला दिसायचा, तो काल नव्हता. घाई करायची सोयच नसल्यामुळे माझी घाई हळूहळू कमी झाली. अण्णांनाही टाकी रिकामी असल्याचं काही वाटत नव्हतं, ते बुडबुडे बघत पडून राहायचे. म्हणून सांगते, हे सहा आठवडे वाचवायला बघू नका. छंद तिथेच सुरू होतो.

आता पुण्याच्या पाण्याविषयी, कारण यात गावोगाव फरक पडतो. खडकवासल्याहून येणारं कॉर्पोरेशनचं धरणाचं पाणी तुलनेने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. किटलीत पांढरा थर धरत असेल तर तुमचं जड आहे असं समजा. जड पाणी वाईट नाही, गप्पी आणि मोलींना ते मानवतं. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ, आंबट पाण्यातला, त्याला ते मानवत नाही. पाण्याचा जडपणा बदलण्याच्या खटपटीपेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडणं सोपं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात नळ आणि टँकर एकत्र होतात, म्हणून मार्च लागला की मी दर वेळी पाणी तपासल्याशिवाय टाकीत घालत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो आणि आपण सहा आठवडे जपलेले जिवाणूही मारतो. बादली उघडी ठेवून त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड, चोवीस तास सोडला की क्लोरीन उडून जातो. अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ते काही मिनिटांत काम करतं. मी दोन्ही करते. पालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येतं. शुक्रवारचं पाणी टाकीत घालायचं नाही असा माझा नियम आहे. शनिवारी रात्री बादल्या भरते, रविवारी संध्याकाळी पाणी बदलते.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी न चुकता करा. एअर पंप टाकीच्या पातळीपेक्षा खाली असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, अगदी स्वस्त मिळतो. आणि प्रत्येक वायर प्लगपेक्षा खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा पंप इन्व्हर्टरवर चालतो. हिटर इन्व्हर्टरवर लावत नाही. टाकीला झाकण हवंच, मासे उडी मारतात. दिवा सात-आठ तास पुरे.

आणि मासे. माझ्याकडे आता आठ झेब्रा आहेत, आणि नवशिक्याला मी तेच सुचवते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपल्याकडचा मासा, अंगावर निळ्या रेघा, १८ अंशांपर्यंतची थंडी सोसतो, म्हणजे पुण्यातल्या बंद खोलीत बहुतेक वर्षभर हिटर लागत नाही. सहापेक्षा कमी ठेवू नका, एकटादुकटा झेब्रा बावरतो नाहीतर दुसऱ्यांच्या मागे लागतो. जगभरच्या प्रयोगशाळा याच माशावर काम करतात. आपल्याकडे आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालतं. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी सुमारे दोन महिन्यांत तो पुन्हा वाढतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले.

गप्पी हवे असतील तर फक्त नर घ्या. माद्या आणल्या तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतात, आणि मादी एकदा नराजवळ राहिली की पुढे कित्येक महिने नराशिवायही पिल्लं देते. फायटर एकटाच ठेवायचा, निदान वीस लिटरमध्ये, हिवाळ्यात हिटर लावून. तो वरची हवाही श्वासात घेतो म्हणून त्याला कपात ठेवून विकतात, पण कपात तो जगत नाही, फक्त मरायला वेळ घेतो. भडक रंग टोचलेले किंवा रंगवलेले मासे कुणी देऊ केले तर घेऊ नका. आणि नकोसा झालेला मासा मुठेत किंवा कात्रजच्या तळ्यात सोडू नका. काचेची शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर फूट-दीड फूट वाढतो, आणि असेच सोडलेले सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत स्थानिक माशांच्या मुळावर आले आहेत. दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

सगळे मासे एकदम आणू नका. आधी चार, दोन आठवड्यांनी आणखी चार. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद आणि खाणंही नाही.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. ते वर येऊन मागतात, प्रत्येक वेळी मागतात, त्याला भुलू नका. आमच्याकडे माशांना गुरुवारचा उपवास असतो.

रविवारचं काम पाऊण तासाचं. पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटं हिटर बंद, तापलेला हिटर उघडा पडला तर तडकतो. सायफनने खडीतली घाण ओढत पाव टाकी पाणी काढायचं, तेवढंच नवं, साधारण त्याच तापमानाचं पाणी सावकाश घालायचं. काढलेलं पाणी मी गॅलरीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते. स्पंज महिन्यातून एकदा, याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. तो नळाखाली चोळून लख्ख केला तर जिवाणू जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, आणि तपासतानाच अर्धं पाणी बदलायची तयारी करा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉटचा परजीवी. तो पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हाच औषधाने मरतो, म्हणून ठिपके गेले तरी औषध पाकिटावर लिहिलेले सगळे दिवस द्या.

इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयात एक मोठी टाकी टप्प्याटप्प्याने भरत होते तेव्हा संशोधकांनी समोर बसलेल्या लोकांची नाडी आणि रक्तदाब मोजले होते. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं: बघता बघता दोन्ही उतरले, आणि मासे वाढले तसं लोक जास्त वेळ रमले. अण्णांचा रक्तदाब आता बरा आहे, पण त्याला गोळ्या आहेत, श्रेय मी माशांना देणार नाही. मी इतकंच करते की टाकीसमोर बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि एकच मासा निवडून तो कुठे कुठे जातो ते बघते. कुठला निवडला हे चौथ्या-पाचव्या मिनिटाला विसरायला होतं. मग उठते.

गावाला जायचं असेल तर तीन-चार दिवस पूर्ण वाढलेले मासे न खाता सहज राहतात, घाबरू नका. जास्त दिवसांसाठी शेजाऱ्यांना सांगावं लागतं, आणि प्रेमापोटी शेजारी नेहमी जास्त घालतात. खाण्याचा डबा त्यांच्या हाती देऊच नका. अण्णांच्या गोळ्यांची एक जुनी डबी आहे, सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली. कोकणात लग्नाला गेलो तेव्हा मी तिच्यात रोजची एकेक चिमूट मोजून भरली आणि शेजारच्या काकूंना दिली. काकूंनी उघडून बघितली आणि विचारलं, "अगं, गुरुवारचं भरायचं राहिलंय का?" मी काही म्हणायच्या आत पलंगावरून अण्णा म्हणाले, "उपास."